अर्ज पाठवल्यावर

(तृतीय वर्ष, वाणिज्य)

मराठी माध्यमाच्या शाळेत शिकलेल्या कोणालाही विचारा, त्याने नगरपालिकेला निदान एक तरी पत्र लिहिलेले असते. 'आपल्या विभागातील रस्त्यांच्या दुरवस्थेबाबत संबंधित अधिकाऱ्यांना तक्रारपत्र लिहा' हा प्रश्न आठवीपासून दहावीपर्यंत आपला पिच्छा सोडत नाही. वर 'अ. ब. क.', मग 'मा. मुख्याधिकारी साहेब', मग विषय, मग 'महोदय', आणि शेवटी 'आपला कृपाभिलाषी'. मजकूरही ठरलेला. खड्डे पडले आहेत, पावसात डबकी साचतात, रात्री दिवे नसतात, वृद्धांचे आणि शाळकरी मुलांचे हाल होतात, तरी आपण जातीने लक्ष घालावे. बाई लाल शाईने गुण देतात आणि रस्ता जिथल्या तिथे राहतो. आमच्या वर्गाने अशी किती पत्रे लिहिली असतील त्याला गणती नाही, पण त्यांतले एकही पोस्टाच्या पेटीत पडले नाही. पडून तरी काय उपयोग? त्यात रस्त्याचे नावच नसते.

२०२४ च्या दिवाळीत मात्र अशाच एका अर्जाला खरा पत्ता, खऱ्या सह्या आणि खरा शिक्का मिळताना मी पाहिला. माझे मामा बँकेत आहेत. त्यांची बदली मध्य प्रदेशात, पांढुर्णा आणि सौंसर या पट्ट्यातल्या एका गावी झाली आहे. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. एका नगरपालिकेला नावे ठेवण्यासाठी हा लेख नाही, आणि जे तिथे पाहिले ते आपल्याकडच्या कोणत्याही गावी पाहायला मिळेल.

त्या मुलखाची थोडी ओळख करून देते. आमच्या घरी कानडी बोलतात आणि शाळा झाली मराठीत. सोलापुरात याचे कोणाला नवल वाटत नाही. तिकडे वेगळाच नमुना. घरात मराठी, कचेरीत हिंदी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली तेव्हा जुन्या मध्य प्रदेशातले विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले. छिंदवाडा जिल्हा तिकडेच राहिला, आणि त्याबरोबर सौंसर-पांढुर्ण्याचा हा मराठी मुलूखही. त्याच दिवशी बेळगाव आणि विजापूर म्हैसूर राज्यात गेले. रेघ नकाशावर ओढली गेली, माणसे होती तिथेच राहिली. आजही त्या भागात संत्र्याच्या बागा, पोळा, जामसावळीचा मारुती आणि वऱ्हाडी वळणाची मराठी असा सगळा थाट आहे. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. सौंसरही त्याच जिल्ह्यात आले. पूर्वी जिल्ह्याच्या कचेरीत अर्ज द्यायचा तर छिंदवाडा गाठावे लागे, ते आता जवळ आले.

बाहेरच्यांना पांढुर्णा ठाऊक असते ते गोटमारीमुळे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्ण्याचे आणि सावरगावचे लोक एकमेकांवर दगड फेकतात. नदीच्या मधोमध पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधलेला असतो. त्या दिवशी पोलीस, डॉक्टर, रुग्णवाहिका सगळे हजर असतात आणि जखमींचा आकडा वर्तमानपत्रात छापून येतो. पण साध्या दिवशी, बाजारातून घरी येताना गटारात पाय जाऊन कोण पडले, याची नोंद आपल्या कोणत्याच गावात होत नाही. रस्त्यावरच्या अपघातांचे आकडे तेवढे सरकार ठेवते, आणि तेही काही कमी नाहीत. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांतली ३२,८२५ माणसे कोणत्याही वाहनात नव्हती. ती पायी चालत होती. म्हणजे दर पाचांमागे जवळजवळ एक.

मामांच्या गल्लीतून मुख्य रस्त्याला लागले की डाव्या हाताला शाळा आणि उजव्या हाताला बाजार. रस्त्याच्या कडेने गटार, आणि गटारावर फरशा. या फरशा म्हणजेच तिथला फूटपाथ. चौदांपैकी पाच फरशा नव्हत्या, दोन मधोमध मोडलेल्या होत्या. कोपऱ्यावरचा दिवा बंद. जिथे फरशा धड होत्या तिथे किराणा दुकानाची पोती आणि दुकानाच्या पायऱ्या, त्यापुढे भाजीवाल्या बायका. राहिलेल्या जागेत उभ्या मोटारसायकली. त्यामुळे चालणारा माणूस रस्त्यातूनच चालणार, आणि त्याच रस्त्यावरून संत्र्याने भरलेल्या गाड्या जाणार. शाळा सुटण्याची वेळ आणि गाड्यांची वेळ एकच.

दिवाळीच्या चार दिवस आधी शेजारच्या आजी पणत्या आणायला गेल्या आणि अंधारात मोडक्या फरशीवरून गटारात पडल्या. मनगट मोडले. मी पोहोचले तेव्हा त्यांच्या हाताला प्लास्टर होते आणि मामी त्यांच्या घरी जाऊन फराळाचे करून देत होती. गल्लीतल्या बायका रोज येत, हळहळत, नगरपालिकेला दोन शिव्या देत आणि जात. एक दिवस मामी म्हणाली, "शिव्या तोंडी दिल्या तर त्यांची पोच मिळत नाही. लिहून देऊ या." मामा जरा बिचकले. परगावचा माणूस, त्यातून बदलीची नोकरी, सहीत आपले नाव नको असे त्यांचे म्हणणे. मामी म्हणाली, "तुम्ही बँकेत आहात, मी नाही." पहिली सही तिने केली.

लिहायचे काम माझ्याकडे आले, कारण मी कॉलेजात शिकते. शाळेतला नमुना मला तोंडपाठच होता. पण तिथे जमलेल्या मंडळींनी एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि तो नमुना किती पोकळ आहे हे आपोआप समोर आले. रस्ता कोणता? कुठून कुठपर्यंत? किती फरशा? दिव्याच्या खांबाचा नंबर काय? दिवा केव्हापासून बंद? कोण पडले, कोणत्या तारखेला? मग मी आणि गल्लीतली दोन मुले टेप घेऊन निघालो. रस्त्यावर वाकून मोजमाप करणारी मुले पाहून लोक थांबत, आणि थांबलेल्या प्रत्येकाकडे सांगण्यासारखे काहीतरी निघे. याच्या मुलाचा पाय मुरगळला होता, त्याची सायकल घसरली होती, तिचे वडील संध्याकाळी घराबाहेर पडणेच बंद झाले होते. हे शेवटचे मला फार लागले. जो पडतो तो निदान दिसतो. जो पडण्याच्या भीतीने बाहेरच येत नाही तो कोणालाच दिसत नाही.

मग प्रश्न आला भाषेचा. नगरपालिकेचा कारभार हिंदीत, तेव्हा अर्ज हिंदीत लिहावा हे बहुतेकांचे मत. शिकलेली मंडळी सगळी हिंदी शाळेतून आलेली, त्यांना अडचण नव्हती. पण म्हाताऱ्या बायकांनी विचारले की ज्यावर आम्ही सही करायची, अंगठा द्यायचा, ते आम्हाला समजेल असे नको का? गल्लीत एक निवृत्त गुरुजी आहेत. त्यांनी सांगितले की राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाप्रमाणे आपले गाऱ्हाणे केंद्रात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा प्रत्येकाला अधिकार आहे. मराठीत अर्ज दिला तर तो परत करता येत नाही. शेवटी कागदाचे दोन भाग केले. डावीकडे हिंदी, उजवीकडे मराठी. साहेबाला वाचायला सोपे आणि सही करणाऱ्यालाही. वाद न करता प्रश्न सुटला. मला घरची आठवण झाली. आमच्याकडे आजी कानडीत सांगते, आई मराठीत लिहिते आणि काम होते. 'अर्ज' हा शब्दच पाहा ना. हिंदीत अर्जी, कानडीतही अर्जी. फिर्याद मांडायची वेळ आली की तिन्ही भाषा एकाच शब्दाकडे धाव घेतात.

भाषेपेक्षा अवघड प्रश्न पुढेच होता. अर्जात 'फूटपाथवरील अतिक्रमण हटवावे' असे वाक्य घालावे असे काहींनी सुचवले. शाळेच्या पत्रातही हे वाक्य हमखास असते. पण इथे अतिक्रमण म्हणजे कोणी परका नव्हता. समोर रोज बसणारी भाजीवाली होती, आणि उधारीवर माल देणारा किराणा दुकानदार होता. प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन बसलेल्या आजी एकदम म्हणाल्या, "भाजीवालीले उठवू नोका बाप्पा. थे उठली तं मी भाजी कोठून आणू? मले का बाजारात जाता येते?" ज्यांचा हात मोडला त्यांनीच हे म्हटल्यावर सगळे गप्प झाले.

खरेच आहे. चालणाऱ्याला जागा हवी आणि भाजीवालीला पोट आहे. दोघांनाही त्याच सहा फुटांत राहायचे आहे. रस्त्यांच्या नियमावलीप्रमाणे पादचाऱ्यासाठी निदान १.८ मीटर, म्हणजे सुमारे सहा फूट, मोकळी वाट असावी लागते. दुसरीकडे २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे विक्रेत्यांची पाहणी करून त्यांना दाखला दिल्याशिवाय हटवता येत नाही. दोन्ही गोष्टी सांभाळायच्या तर नगरपालिकेने बसून आखणी केली पाहिजे, एका सकाळी गाडी आणून टोपल्या उचलून नेल्याने ते होत नाही. आम्ही वाक्य बदलले. 'शाळेच्या भिंतीलगतची रिकामी जागा आखून भाजी विक्रेत्यांना द्यावी आणि फरशांवरची वाट मोकळी ठेवावी.' हे वाचून दाखवल्यावर तीन भाजीवाल्यांनी अंगठे दिले. किराणा दुकानदार म्हणाले, "आधी गटारावर फरशा येऊ द्या, मग मी पोती आत घेतो." त्यांनीही सही केली. एकूण सत्तेचाळीस सह्या झाल्या.

गल्लीतले एक काका सही करायला तयार नव्हते. ते म्हणत, नगरपालिकेकडे पैसा नाही, उगाच कागद काळे करू नका. यावर गुरुजींनी जी गोष्ट सांगितली ती मी परत आल्यावर निकाल काढून वाचली. ती आपल्या सर्वांना माहीत असावी अशी आहे. मध्य प्रदेशातच रतलाम नावाचे शहर आहे. तिथल्या न्यू रोड भागातले रहिवासी उघड्या गटारांना, दुर्गंधीला आणि डासांना कंटाळले होते. जवळच्या झोपडपट्टीत संडास नव्हते, त्यामुळे लोक नाइलाजाने रस्त्यावर बसत. अल्कोहोल कारखान्याचे सांडपाणीही तिथेच. अर्ज-विनंत्यांचा उपयोग होईना, तेव्हा रहिवासी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १३३ व्या कलमाखाली दंडाधिकाऱ्यांकडे गेले. सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा हुकूम देण्याचे ते कलम. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. नगरपालिकेने सांगितले की आमच्याकडे पैसा नाही. २९ जुलै १९८० रोजी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर आणि चिन्नप्पा रेड्डी यांनी निकाल दिला. नगरपालिकेच्या कायद्याने जे कर्तव्य सांगितले आहे ते पैसा नाही या सबबीवर टाळता येणार नाही, असा त्याचा आशय. मुदत घालून कामे करण्याचा आदेशही दिला. आज ते १३३ वे कलम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १५२ व्या क्रमांकाने आले आहे. आकडा बदलला, अधिकार कायम आहे.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीला हा निकाल फार ओळखीचा वाटतो. हिशेबाच्या वहीत देणे हे देणेच असते. तिजोरी रिकामी आहे म्हणून धनकोचे नाव खात्यातून पुसले जात नाही. ताळेबंदाच्या त्या बाजूला ते उभेच राहते. मध्य प्रदेश नगरपालिका अधिनियम १९६१ चे १२३ वे कलम घ्या. दिवाबत्ती, सफाई, रस्त्यांवरचे अडथळे काढणे ही नगरपालिकेची कर्तव्ये म्हणून तिथे मांडली आहेत. महाराष्ट्राचा कायदा १९६५ चा आणि कर्नाटकाचा १९६४ चा. पुढे ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या परिशिष्टात जे अठरा विषय दिले त्यांतही रस्ते आणि रस्त्यावरचे दिवे आहेत. कर आपण भरतो ती एक नोंद झाली. तिची दुसरी बाजू म्हणजे चालण्याजोगा रस्ता. दुहेरी नोंद पद्धतीत एकच बाजू लिहून वही बंद करता येत नाही. म्हणून अर्जातून 'कृपाभिलाषी' हा शब्द आम्ही काढून टाकला. येणे मागताना कृपा कशाची मागायची? भाषा मात्र नम्र ठेवली. वसुलीला जाणारा शहाणा माणूस आवाज चढवत नाही, वही उघडून दाखवतो.

अर्ज घेऊन मामी, गुरुजी आणि मी नगरपालिकेत गेलो. तिकडे मुख्याधिकाऱ्याला मुख्य नगरपालिका अधिकारी म्हणतात आणि नगरसेवकाला पार्षद. खिडकीवरच्या कारकुनाने अर्ज ठेवून घेतला आणि 'हो जाएगा' म्हणाला. मामी हलली नाही. दुसरी प्रत पुढे करून तिने आवक क्रमांक आणि शिक्का मागितला. पाच मिनिटे त्या खिडकीवर शांतता होती. मग शिक्का उठला. तो निळा शिक्का दिसायला किरकोळ, पण त्याने 'आम्हाला माहीतच नव्हते' असे म्हणण्याची वाट बंद केली. पावतीशिवाय व्यवहार झाला असे कोणता हिशेबनीस मान्य करील?

मी परत आले. पुढचे मामींच्या फोनवरून कळत गेले. महिनाभर काही नाही. मग त्या मंगळवारच्या जनसुनवाईत शिक्क्याची प्रत घेऊन गेल्या. दर मंगळवारी जिल्ह्याचे अधिकारी लोकांची गाऱ्हाणी ऐकतात ती ही जनसुनवाई. तिथून तीन ओळींचे हिंदी पत्र आले की अर्ज आवश्यक कार्यवाहीसाठी पाठवला आहे. फेब्रुवारीत दिवा लागला. मार्चमध्ये फरशा आल्या.

मे २०२५ मध्ये मी पुन्हा गेले तेव्हा स्वतः मोजले. चौदाच्या चौदा फरशा होत्या, पण त्यांतली एक आताच हलत होती. आजी तिच्यावरून जाताना काठी आधी टेकवून पाहत. किराणा दुकानातली पोती आत गेली होती, पायऱ्या तशाच होत्या. भाजीवाल्यांना जागा आखून मिळालेली नव्हती. त्या आपसात ठरवून थोड्या मागे सरकल्या होत्या. शाळेसमोर गतिरोधक नव्हता. तो रस्ता नगरपालिकेचा नसून लोक निर्माण विभागाचा आहे, असे उत्तर आले होते. म्हणजे नवा अर्ज, नवा पत्ता. तो मामींनी दिला आहे. त्या अर्जावर मामांची सही आहे.

त्याच महिन्यात, १४ मे २०२५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पादचाऱ्यांना वापरण्याजोगे, अडथळ्यांवाचून असलेले फूटपाथ मिळणे हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याहून पुढे जाऊन आकडाच घातला. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना सहा लाख रुपये आणि जखमींना पन्नास हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई. माणसाची किंमत रुपयांत होत नाही हे खरे. पण आजवर या हानीची कोणत्याच वहीत नोंद नव्हती, ती आता होईल.

मित्रहो, आपल्यापैकी बरेच जण उद्या बँकेत, कचेरीत, पेढीवर बसतील. काही जण त्या खिडकीच्या आतल्या बाजूलाही असतील. तेव्हा एवढे ध्यानात असू द्यावे. अर्जात जागेचे नाव, वस्तूची संख्या आणि तारीख असावी. रस्ता कोणाच्या मालकीचा हे आधी विचारावे. ज्याचे पोट त्या रस्त्यावर आहे त्याला अर्जाबाहेर ठेवू नये. सही करणाऱ्याला कळेल अशा भाषेत तो लिहावा. शिक्क्याची प्रत जपावी आणि महिन्याने पुन्हा जावे. या अंकात मराठी आणि कन्नड असे दोन विभाग आहेत. हे मी कन्नडमध्ये लिहिले असते तरी यातला एक शब्द बदलावा लागला नसता, तो म्हणजे अर्जी.

आणि अर्ज लिहायला बसलात की वरच्या कोपऱ्यातल्या 'अ. ब. क.'ला सुट्टी द्या. तिथे आपले नाव लिहा.